ओढा कीं चर?

पावसाळा तोंडावर आला म्हणजे हल्लीं गांवोगांव एक घाई दिसूं लागते. ओढ्यांत जेसीबी उतरतें, कांठचीं झाडें आडवीं होतात, वळणें नाहींशीं होतात, आणि आठ-पंधरा दिवसांत ओढ्याच्या जागीं दोन्ही अंगांनीं तासलेला, एकसारख्या रुंदीचा लांबच लांब चर तयार होतो. या कामास कोठें खोलीकरण म्हणतात, कोठें रुंदीकरण, आणि कोठें तर पुनरुज्जीवन. पहिल्या दोन शब्दांविषयीं आमची तक्रार नाहीं. यंत्रानें जें केलें तेंच ते सांगतात. तिसऱ्या शब्दाविषयीं मात्र चार गोष्टी लिहिणें अवश्य वाटतें. ज्यास पुन्हां जिवंत करावयाचें, तें जिवंत होतें तेव्हां कसें होतें, याची चौकशी या घाईंत बहुधा कोणीच केलेली नसते.

निरोगी ओढ्याचें वर्णन करण्यास ग्रंथ उघडावे लागत नाहींत. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर व मावळांत असे ओढे अजून कोठें कोठें आहेत, आणि देशावरच्या साठीपुढील अनेक वाचकांनीं ते आपल्याच शिवारांत पाहिलेले असतील. अशा ओढ्याची पहिली खूण ही कीं, तो कोठेंहि सारखा नसतो. एक डोह, त्याच्याखालीं गोट्यांवरून खळाळत जाणारा उथळ भाग, पुन्हां डोह, असा त्याचा क्रम असतो. सामान्यतः पात्राच्या रुंदीच्या पांच ते सात पट अंतरावर नवा डोह येतो, असें नद्यांचे अभ्यासक मोजमाप करून सांगतात. वळणाच्या बाहेरील अंगास कांठ उभा व पाणी खोल; आंतील अंगास वाळूचा पट्टा. वर करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन आणि वाळुंज यांची सावली. पाण्याच्या अगदीं कडेला निर्गुडी, लव्हाळा व शेरणी. शेरणीचीं मुळें खडकाच्या फटींत अशीं रुतलेलीं असतात कीं, पूर डोक्यावरून गेला तरी तें झुडूप जागा सोडीत नाहीं. लवतें आणि पाणी ओसरल्यावर पुन्हां उभें राहतें.

दुसरी खूण पुराची. मोठा पाऊस पडल्यावर निरोगी ओढाहि गढूळ होतो, पण दोन-तीन दिवसांत निवळतो, आणि चढलेलें पाणी हळूहळू उतरतें. पाऊस गेल्यावर त्याची धार बारीक होत जाते. पण पौष-माघापर्यंत, आणि चांगल्या सालीं त्याहूनहि पुढें, ती तुटत नाहीं. हें पाणी आभाळांतून आलेलें नसतें. डोंगराच्या पोटांत व कांठच्या मुरमांत मुरलेलें पाणी हळूहळू पाझरून ओढ्यास मिळत असतें. बिघडलेल्या ओढ्याची रीत उलट. दुपारीं पाऊस झाला कीं संध्याकाळीं तो कांठ तोडीत धांवतो, दुसऱ्या दिवशीं गुडघाभरहि राहत नाहीं, आणि दिवाळीस त्यांत मुलें विटीदांडू खेळतात.

तिसरी खूण पाहण्यास हात ओले करावे लागतात. खळाळांतील एखादा दगड उलथून पाहावा. त्याच्या खालच्या अंगास तीन शेपट्यांच्या चपळ अळ्या आणि वाळूचे कण जोडून नळीसारखें घर बांधणारे किडे चिकटलेले असतील, तर पाणी चांगलें आहे असें समजण्यास हरकत नाहीं. या जीवांस पाण्यांत विरघळलेला प्राणवायु भरपूर लागतो, म्हणून ते घाण पाण्यांत टिकत नाहींत. ते जेथून गेले तेथें गाळांत तांबड्या दोऱ्यासारख्या अळ्या वळवळतांना दिसतात. त्यांच्या अंगांत आपल्या रक्तासारखेंच रंगद्रव्य असतें व त्यामुळें त्या कमी प्राणवायूवर जगूं शकतात. सावलीचें महत्त्वहि येथेंच आहे. वीस अंश उष्णतेच्या लिटरभर पाण्यांत सुमारें नऊ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो. तेंच पाणी तीस अंशांवर गेलें तर साडेसातच्या आसपास. कांठचीं झाडें तोडून ओढा उघडा टाकला कीं पाणी तापतें, प्राणवायु घटतो, आणि त्यांत गांवाचें सांडपाणी मिसळलें तर उरलेलाहि कुजण्यांत खर्च होतो. मग वाम, मरळ, झिंगे हीं नांवें म्हाताऱ्यांच्या बोलण्यांतच राहतात. मरळ हवेंतूनहि श्वास घेणारी म्हणून जरा तग धरते. बाकीचीं आधीं जातात. त्यांच्या जागीं चिलापी येते. हा मासा या देशांत १९५२ सालीं बाहेरून आणलेला आहे, आणि वाईट पाण्यांत त्याचें चांगलें चालतें.

एखादा वाचक म्हणेल, अळ्या आणि मासे यांच्याशीं शेतकऱ्यास काय करावयाचें आहे? त्यास पाणी पाहिजे. ठीक आहे, पाण्याचाच हिशेब करूं.

आपल्या दख्खनचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. वर माती, तिच्याखालीं मुरूम व भेगाळ खडक, आणि त्याखालीं अभेद्य कातळ. विहिरीस पाणी येतें तें मुख्यत्वें या मधल्या थरांतून. सरकारी भूजल-मोजणींत जीं प्रमाणें धरतात त्यांप्रमाणें असा झिजलेला, भेगाळ पाषाण आपल्या आकारमानाच्या शेंकडा दोन इतकें पाणी सोडतो. वाळूचा थर शेंकडा सोळा. म्हणजे दहा मीटर रुंद, एक मीटर जाड व एक किलोमीटर लांब अशा ओढ्यांतील वाळूंत सुमारें सोळा लाख लिटर उपयोगी पाणी मावतें. तेवढ्याच मुरमांत दोन लाख. ही वाळूची टांकी पावसाळ्यांत अनेकदां भरते आणि अनेकदां कांठच्या थरांत, तेथून विहिरींत, रिकामी होते. ट्रकांतून वाळू गेली ती घरें बांधण्यास गेली असें आपण म्हणतों. विहिरींच्या बाजूनें पाहिलें तर टांकीच उचलून नेली.

यावर खोलीकरणाच्या पुरस्कर्त्यांचा एक आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. वाळू काढून तेवढाच खड्डा मोकळा ठेवला तर त्यांत सोळा लाख नव्हे, एक कोटि लिटर पाणी मावेल. गणित बरोबर आहे. परंतु उघडें पाणी आणि वाळूंतील पाणी यांत फरक आहे. माघापासून वैशाखापर्यंत आपल्याकडे उघड्या पाण्याची वाफ दिवसास सरासरीनें आठ मिलिमीटर धरली, तर चार महिन्यांत जवळजवळ एक मीटर उंचीचें पाणी नुसतें उडून जातें. वाळूंत पाण्याची पातळी हात-दीड हात खालीं गेली कीं ही वाफ जवळजवळ बंद होते. दुसरें असें कीं, पहिल्याच पावसांत उघड्या खड्ड्याच्या तळास शेतांतून आलेला चिकट गाळ बसतो. आपण शेततळ्यास जो लेप मुद्दाम देतों तोच येथें आपोआप मिळतो, आणि जें पाणी मुरावयाचें तें वर तरंगत राहतें. दोन वर्षांनीं तो गाळ काढला नाहीं तर जमिनींत पाणी मुरविण्याचें काम बंद पडलें म्हणूनच समजावें. खर्च पहिल्या वर्षीं शासनाचा किंवा देणगीदाराचा. गाळ काढण्याचा पुढचा खर्च कोणाचा, हें पाटी लावतांना कोणी लिहीत नाहीं.

वळण मोडण्याचा परिणाम याहून वाईट होतो. पाणी वळसा घेऊन जातें तेव्हां त्याची वाट लांबते आणि उतार कमी पडतो. शंभर हातांची वांकडी वाट साठ हातांवर आणली, तर जी उतरण शंभर हातांत होत होती ती साठांत होते. पाण्याचा वेग व तोडण्याची शक्ति त्या मानानें वाढते. शिवाय यंत्र जेथें थांबलें तेथें वरच्या बाजूस तळाला एक पायरी राहते. पुराचें पाणी त्या पायरीवरून पडतें, तिचा पाया खणतें, आणि पायरी दरवर्षीं मागें मागें सरकते. खडक लागेपर्यंत ही खोदाई कोणाच्या मंजुरीशिवाय चालूच राहते. मुख्य ओढा खोल झाला म्हणजे त्यास मिळणाऱ्या लहान ओघळी त्याच खोलीस उतरूं पाहतात, आणि बांधापलीकडील शेतांत घळी पडूं लागतात. ज्याच्या शेतांत घळ पडली त्यास वाटतें, यंदा पाऊस फार झाला. कारण मात्र दोन फर्लांग खालीं झालेलें काम असतें.

आणखी एक गोष्ट. विहिरीचें पाणी ज्या थरांत आहे तोच थर चरानें खालपर्यंत उघडा पाडला, तर विहीर चराकडे लवकर रिकामी होते. कार्तिकांत चरांत पाणी झुळझुळतांना पाहून फोटो काढले जातात. तें पाणी चैत्रांत आपल्याच मोटेनें, म्हणजे आतां पंपानें, वर यावयाचें होतें.

सर्व खोदकाम वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. धुळें जिल्ह्यांतील शिरपूर तालुक्यांत २००४ नंतर जीं कामें झालीं, तेथें तापीकांठचा जाड गाळाचा मुलूख आहे. खालच्या पाणी धरणाऱ्या थरापर्यंत पोंचण्यास वरचा चिकण थर फोडण्याची कल्पना त्या भूमीस धरून होती. चूक झाली ती तो नमुना उचलून कातळाच्या मुलखांत, भूस्तर न पाहतां, जेथें तेथें बसविण्यांत. डिसेंबर २०१४ मध्यें सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानांत डोंगरावरील समतल चर, बांधबंदिस्ती, सिमेंटचे बंधारे अशीं नाना तऱ्हेचीं कामें होतीं. पण लोकांच्या नजरेंत भरलें तें नाल्याचें खोलीकरण. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनीं २०२० सालीं विधिमंडळापुढें आलेल्या अहवालांत या अभियानावर सुमारें ९,६३४ कोटि रुपये खर्च होऊनहि भूजलाची पातळी वाढविण्यांत त्याचा परिणाम अल्प झाला, असा अभिप्राय दिला. २०२३ पासून त्याच अभियानाचा दुसरा टप्पा चालू झाला आहे, तेव्हां हा विचार शिळा झालेला नाहीं.

पाणी सरळ केल्यानें पुढें काय होतें याचा पुरा प्रयोग, आणि त्याचा उलटा प्रयोगहि, अमेरिकेंतील फ्लोरिडा संस्थानांत होऊन गेला आहे. तेथील किसिमी ही नदी आपल्या ओढ्यांहून फार मोठी, मुलूख सपाट व दमट; म्हणून सर्वच गोष्टी येथें लागू पडतील असें नाहीं. तरी हकीकत ऐकण्यासारखी आहे. सुमारें १०३ मैल वळणें घेत जाणारी ही नदी पुरापासून बचाव व्हावा म्हणून १९६२ ते १९७१ या काळांत खोदून ५६ मैलांचा, तीस फूट खोल, सरळ कालवा करण्यांत आली. कांठची पाणथळ कुरणें वाळलीं. हिवाळ्यांत येणारीं बदकें व इतर पाणपक्षी शेंकडा नव्वदांहून अधिक कमी झाले. कालव्यांतील पाण्यांत प्राणवायु राहीना. शेवटीं तेथील लोकांनींच आग्रह धरला, आणि १९९९ पासून २०२१ पर्यंत २२ मैल कालवा मातीनें भरून काढून नदीस चाळीस मैलांहून अधिक लांबीची जुनी वांकडी वाट परत देण्यांत आली. पक्षी व मासे परतूं लागले. नदी सरळ करण्यास नऊ वर्षें लागलीं; ती अर्धीमुर्धी वांकडी करण्यास बावीस, आणि खर्चहि पहिल्यापेक्षां कितीतरी अधिक आला.

आपल्याकडे असा दाखला शहराच्या मार्गानें मिळाला आहे. पुण्याचा आंबील ओढा कात्रजच्या डोंगरांत उगम पावून मुठेस मिळतो. डोंगरांतला त्याचा आरंभ आणि शहरांतील भिंतींमध्यें कोंडलेला त्याचा शेवट एकाच दिवशीं पाहिला तर या लेखाचें काम निम्में होईल. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं त्या ओढ्यास पूर आला, भिंती पडल्या, आणि अनेक माणसें दगावलीं. शहराच्या मंडळींनीं ओढ्याची जागा घेतली असें आपण सहज म्हणतों.

पण आपण काय केलें आहे? हें विचारल्यावांचून हा लेख पुरा होत नाहीं, आणि तें कित्येक वाचकांस रुचणार नाहीं. ओढ्याचें पात्र कोणाच्या मालकीचें नाहीं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या २० व्या कलमाप्रमाणें नद्या, ओढे व नाले यांचे तळ शासनाचे आहेत. असें असूनहि कांठचा पोटखराबा दरसाल एक-एक तास आंत घेण्याची चाल आपल्यांत सर्वत्र आहे. प्रथम निर्गुडी जाते, मग करंज जळणास जातो, मग नांगर थेट कड्यापर्यंत फिरतो. मुळें गेलीं कीं कडा ढांसळतो, आणि ढांसळलेल्या कड्यामागें आपण पुन्हां एक तास काढतों. १९७२ च्या दुष्काळानंतर कूपनलिकांची जी रीघ लागली तिनें ओढ्यांचा पाझर खालूनच तोडला. ज्या ओढ्यावर कधीं यंत्र उतरलें नाहीं असेहि ओढे अशानें मार्गशीर्षांत आटतात. ऊंसास दिलेला जादा युरिया शेवटीं कोठें जातो हें पाहण्यासाठीं प्रयोगशाळा नको. जलपर्णीनें झांकलेला डोह पुरे आहे.

म्हणून आमची सूचना अशी आहे. ज्या सभासदांची जमीन ओढ्यास लागून आहे त्यांनीं कड्यापासून निदान दहा फूट पट्टा नांगराखालून काढावा. यास काय पडतें तें पाहूं. दहा साखळ्या, म्हणजे ३३० फूट, लांबीच्या कांठास दहा फुटांचा पट्टा सोडला तर सुमारें तीन गुंठे जमीन गुंततें. अडीच एकरांच्या धन्यास तीन गुंठे थोडे नाहींत, हें आम्ही जाणतों. त्यांत एका घरचें वर्षाचें कडधान्य निघूं शकतें. परंतु उघडा कडा वर्षास एक फूट जरी मागें सरला, तरी तेच तीन गुंठे दहा वर्षांत जातात, आणि ते वाळूबरोबर कोणत्या गांवीं गेले याचा पत्ता लागत नाहीं. पहिल्या रीतींत जमीन आपली राहते, गवत व करंजाच्या बिया मिळतात. दुसरींत सात-बारावरील आंकडा तेवढा राहतो. जेथें समोरासमोरील दोन्ही धनी कबूल होतील तेथून आरंभ करावा. एकानेंच पट्टा सोडला व समोरच्यानें कडा भरावानें पुढें आणला, तर पाणी सोडणाऱ्याच्याच अंगावर येतें. असे तंटे आपणांस ठाऊक आहेत, आणि ते मिटविण्यास तहसील कचेरीपेक्षां शेतकऱ्यांची सभा अधिक उपयोगी पडेल.

बंधाऱ्यांविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळ्यांत बरगे काढून गाळ व पूर जाऊं देतात आणि पाऊस संपतांच बरगे घालून मागचें पाणी अडवितात. पांझरा व मोसम या नद्यांवरील फडाचे जुने बंधारे ठेंगणे. नदी त्यांच्यावरून वाहते. ओढ्यास वाहूं देऊन त्याचें पाणी घेण्याची ही अक्कल आपल्या मुलखांत होती. मात्र बरगे वेळेवर घालणारा व काढणारा माणूस गांवानें नेमला पाहिजे. चोरीस गेलेल्या बरग्यांचे सांगाडे अनेक ओढ्यांत उभे आहेत. यंत्रासाठीं वर्गणी जमलीच असेल तर ती आधीं डोंगरावर खर्च करावी. हिवरे बाजारनें १९९० नंतर डोंगरउतारावर चर व झाडें, चराईबंदी आणि शेतीसाठीं कूपनलिका न घेण्याचा निर्बंध, असा क्रम धरला. तेथें पाण्याचा जमाखर्च दरसाल मांडून पिकें ठरवितात. वरून येणारा गाळ व खालून होणारा उपसा, दोन्ही बांधल्यावर ओढ्याचें पुष्कळसें काम ओढा स्वतः करतो.

यंदा ज्यांस आरंभ करावयाचा आहे त्यांनीं मृगाच्या पहिल्या ओलीवर वाळुंजाच्या अंगठ्याएवढ्या जाड, दोन हात लांब फांद्या पाण्याच्या ओळीलगत अर्ध्याहून अधिक पुरून लावाव्या. त्या सहज मूळ धरतात. त्यांच्या वरच्या अंगास निर्गुडीच्या काड्या दाट लावाव्या, आणि कड्यावर करंजाचें ताजें बीं टोंकावें. उंबर व जांभूळ पाखरें आणतील. बेशरम आणि वेडी बाभूळ मुळासकट काढावी, पण एकदम सर्व कांठ उघडा करूं नये. निम्मा यंदा, निम्मा पुढच्या सालीं. निर्गुडीस शेळी सहसा तोंड लावीत नाहीं, तेव्हां पहिलीं दोन वर्षें आंतल्या रोपांस तिचेंच कुंपण होतें.